करंट नावाचा पाव्हणा

बाळासो कोळेकर कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. दाराची कडी असो, एसटीचा दांडा असो, नाहीतर कुणाच्या घरचा फ्रिज असो. आधी हाताची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच ती वस्तू नीट धरायची. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून डबा खात होते. हा उंच, काळासावळा, मिशांना पीळ दिलेला माणूस आला, माझ्या स्टीलच्या डब्याला त्याने उलटा हात लावला आणि म्हणाला, "हां. चालू द्या."

घास तोंडात तसाच राहिला. काय चालू द्या? जेवण? ते तर चालूच होतं.

"सुलट्या हातानं धरलं आन् करंट आसला, तर मूठ आवळती, शिस्टर," ते म्हणाले. "माणूस सुटत न्हाई. उलट्या हाताला झटका बसला, की हात आपला आपण माघारी येतोय."

"पण डब्यात करंट कुठनं येणार?"

"येत न्हाई," त्यांनी शांतपणे मान्य केलं. "पर इचारल्याबिगर कसं कळायचं?"

आणि ते निघून गेले. त्या दिवशी मी उरलेली भाजी जरा जपूनच खाल्ली.

मी सांगलीतल्या एका चाळीस खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. माहेर कराडचं. वीस वर्षं ऑपरेशनं बघतेय, त्यामुळे माणसाच्या पोटात काय असतं ते मला बऱ्यापैकी माहीत आहे. बाळासोंच्या डोक्यात काय असतं ते मात्र सहा वर्षं एकत्र काम करूनही मला अर्धंच कळलंय. बाळासो मूळचे जत तालुक्यातले. घराणं मेंढरांमागे फिरणारं. वडील वर्षातले आठ महिने कळप घेऊन रानोमाळ, आणि हे दहावी होऊन सैन्यात भरती झाले ते थेट सिग्नलमध्ये, म्हणजे तारा आणि वायरलेस सांभाळणाऱ्या पलटणीत. निवृत्तीनंतर काही वर्षं कुपवाडच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळल्या आणि मग आमच्याकडे इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. नेमणूक झाली ती बल्ब बदलायला. गंमत अशी, की बल्ब सोडून बाकी सगळ्याची त्यांना काळजी.

सर्वात जास्त काळजी कॉटरीची. तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर ती तुम्हालाही लागलेली असणार, फक्त तुम्ही तेव्हा भुलीत होतात. पेनसारखी एक कांडी असते. डॉक्टर पायाने पेडल दाबतात, कांडीच्या टोकातून वीज जाते, आणि त्या उष्णतेने मांस कापलंही जातं आणि रक्तही थांबतं. आता ही वीज अंगात शिरली म्हणजे बाहेर पडायला हवी. म्हणून पेशंटच्या मांडीला तळहाताएवढी एक प्लेट घट्ट चिकटवतात. कांडीतून आत, प्लेटमधून बाहेर. इतकं सगळं मला नर्सिंगच्या पुस्तकात शिकवलं होतं. बाळासो पहिल्या आठवड्यात तेच मला पुन्हा शिकवायला बसले.

"करंट म्हंजी पाव्हणा हाय बगा. म्होरल्या दारानं आला, त्यो मागल्या दारानं गेला पायजे. मागलं दार मोठं ठिवा, गुमान जातोय. कुणाला कळत बी न्हाई. दार बंद केलं, की भिताड फोडून जातोय. मग जितं अंगाला लोखंड लागलं आसंल, तितनं. पायाची अंगठी, हातातलं कडं, टेबलाची दांडी. आन् बारक्या भोकातनं जाताना जाळत जातोय."

"म्हणजे प्लेट नीट लावायची," मी म्हणाले.

"तुमी लय लवकर आटपलं," ते नाराज होऊन म्हणाले.

तेव्हापासून थिएटरच्या दारात त्यांची झडती सुरू झाली. पेशंटची जोडवी, ताईत, कमरेचा चांदीचा करगोटा, सगळं उतरवून घेतलं आहे ना, हे ते मला तीन तीनदा विचारत. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांना त्यांनी सोन्याचा दात काढता येतो का, असं विचारलं. आजोबा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आले होते. ते घाबरून मुलाला म्हणाले, "आरं, पोट दुखतंय सांगितलंस का दात?"

मग एके दिवशी ते रेडिओ घेऊन आले. जुना, बॅटरीवरचा, खिशात न मावणारा. रिकाम्या थिएटरमध्ये दोन स्टेशनांच्या मधोमध काटा ठेवून ते भिंतीभिंतीने फिरू लागले. रेडिओतून नुसती खरखर. कुठे कमी, कुठे जास्त.

"काय ऐकताय, आण्णा?" मी विचारलं.

"घाण."

"कुठली घाण?"

"हवंतली. डोळ्यांला दिसत न्हाई, पर ह्याला ऐकू येती."

तेवढ्यात आमचे मोठे सर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक आणि सर्जन, हात धुवायला आले. त्या दिवशी मॅच होती. ते सहज म्हणाले, "काय बाळासो, किती झाले?"

"भिंतीपाशी लय हायत सर. खिडकीपाशी कमी."

सर थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. सर हात धुऊन गेले, आणि मला वाटतं दिवसभर त्यांना स्कोअर कळलाच नाही.

पण खरखर शोधत शोधत बाळासोंनी दोन ट्यूबलाइटी आणि एक एसी बदलायला लावला. मॉनिटरची वायर कॉटरीच्या वायरपासून हातभर लांब नेली. आधी सरांनी पेडल दाबलं, की मॉनिटरवरची हृदयाची रेघ गवतासारखी व्हायची आणि आमचे भूलतज्ज्ञ दचकायचे. ते गवत बरंच कमी झालं. कसं झालं, हे बाळासोंनी सगळ्यांना दोनदा समजावलं. सगळ्यांनी दोनदा मान डोलावली.

खरा घोटाळा अर्थिंगच्या खड्ड्याने केला. हॉस्पिटलच्या मागे सिमेंटची एक चौकट आहे, त्यात तांब्याची पट्टी जमिनीत पुरलेली. इमारतीतली चुकार वीज तिथून जमिनीत जाते. माती ओली हवी, म्हणून बाळासो रोज सकाळी चपला काढून तिथे उभे राहत. ओल पायालाच नीट कळते म्हणे. दोन बादल्या पाणी घालत, कधी मूठभर मीठ टाकत, आणि मीटर वाचायला मान खाली घालून मिनिटभर स्तब्ध उभे राहत. वरच्या वॉर्डाच्या खिडकीतून पेशंटच्या नातेवाइकांना हे रोज दिसे.

एके दिवशी चौकटीवर जास्वंदीचं फूल आलं. मग हळदकुंकू आलं. मग नारळ. एका बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "शिस्टर, मागल्या बाजूचा देव कुठला हो?"

मी घाईत होते. मी म्हणाले, "तो देव नाही. अर्थिंग आहे."

बाईंनी हात जोडले. "नवसाला पावतोय न्हवं?"

बाळासो आधी चिडले, मग त्यांच्या लक्षात आलं, की लोक पाणीही घालताहेत. "घालू द्या," ते म्हणाले. "पर त्याल नगा म्हणावं. त्यालानं खड्डा बाद हुतोय." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली: 'येथे फक्त पाणी घालावे. तेल घालू नये. चपला बाहेर काढाव्यात.' त्यानंतर तो देव आहे याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. खुद्द आमच्या मॅनेजरना मी एकदा जाता जाता तिथे नमस्कार करताना पाहिलंय.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण बाळासोंची एक सवय अशी होती, की ती मला अर्धीच कळत होती आणि तिच्यामुळे ते अडचणीत आले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ते मला न चुकता विचारत, "टाचा बघितल्या?"

ऑपरेशन कशाचंही असो. गळ्यातली गाठ काढलेली असो नाहीतर हर्निया. "टाचा बघितल्या? पोटऱ्या? ढुंगणाचं हाड? पाठ?" मी म्हणायची, "आण्णा, टाके पोटाला आहेत." ते म्हणायचे, "टाके तुमी बघणारच. बाकीचं कोण बघतंय?" बायकांचं ते माझ्याकडून विचारून घेत. पुरुष पेशंटचं मात्र स्वतः जाऊन बघत. सकाळी सात वाजता, हातात टॉर्च, पायाशी उभं राहून चादर वर.

एकदा एका पेशंटचा जावई जागा होता.

"ओ! काय करताय?"

"टाचा," बाळासो म्हणाले.

"टाचांचं काय?"

"बघतोय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. इलेक्ट्रिशियन."

यावर जावयाचा जो काही गोंधळ उडाला, तो मी समजू शकते. सासऱ्यांच्या गळ्याचं ऑपरेशन आणि वायरमन पाय तपासतोय. आरडाओरडा झाला, लेखी तक्रार झाली. मॅनेजरनी बाळासोंना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते.

"का बघता तुम्ही लोकांचे पाय?"

बाळासो सावधानमध्ये उभे. नजर समोरच्या भिंतीवर.

"काहीतरी कारण असेल ना?"

"माझी ड्यूटी हाय सर."

"तुमची ड्यूटी बल्ब आहे! पेशंटला हात लावायचा नाही. आजपासून थिएटर बंद, वॉर्ड बंद. मीटर रूम सांभाळा."

एरवी पाव्हण्याची गोष्ट रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही अडवून सांगणारा हा माणूस. तिथे त्यांनी सांगायला हवं होतं, की प्लेट सुटली तर भाजतं, आणि ते भाजलेलं भलत्याच जागी उमटतं, म्हणून मी बघतो. त्यांनी ते सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "का नाही बोललात?"

"सांगितलं आसतं तर फुडं इचारलं आसतं," ते म्हणाले आणि मीटर रूमकडे चालू लागले.

पुढे काय विचारलं असतं? मला काही कळेना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं स्टूल थिएटरच्या बंद दाराबाहेर आलं. हुकूम थिएटरच्या आत जायचं नाही असा होता. बाहेर बसायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. सैन्यात वीस वर्षं काढलेला माणूस हुकमाचा शब्द न शब्द पाळतो, आणि त्यापलीकडचं एक अक्षरही पाळत नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी कडेगावहून हौसाबाई आल्या. साठीच्या, अंगाने भारदस्त, बोलायला खणखणीत. घरचा ऊस, मुलगा सैन्यात, सून शाळेत शिक्षिका. पित्ताशयात खडे झाले होते. टेबलावर चढतानाही त्या मला बजावत होत्या, "शिस्टर, खडं टाकून द्यू नगा. सुनंला दावायचं हायत. ती म्हन्ते, तुमी सोंग करताय."

ऑपरेशन पोट उघडूनच करावं लागलं. आमची कॉटरी तेव्हा जुनी होती. नव्या मशिनींना प्लेट सुटली की घंटा वाजते आणि मशीन आपोआप बंद पडतं, आमच्या मशिनीला तसलं काही नव्हतं. तासाभराने सर म्हणाले, "कापत नाहीये. वाढव जरा."

मी मशिनीचा आकडा वाढवला. दोन मिनिटांनी सर पुन्हा म्हणाले, "काय झालंय हिला? अजून वाढव."

आणि थिएटरचं दार धाडकन उघडलं. दारात बाळासो. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायांत थिएटरच्या सपाता, म्हणजे बाहेर बसतानाही माणूस पूर्ण तयारीत, दाराला कान लावून बसत होता.

"वाढवू नगा सर!" ते ओरडले. "पाव्हण्याची वाट बंद झालीया!"

सरांनी वर बघितलंही नाही. "कोण पाहुणा? बाहेर बसव त्याला."

"त्यो बसत न्हाई सर! त्याला परत जायला दार न्हाई!"

"मग रिक्षा करून दे! सिस्टर, हा आत कसा आला?"

भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघताहेत, मी बाळासोंकडे बघतेय, सर पेडलवर पाय ठेवून उभे. खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, की बाहेर खरंच कुणी पाहुणा अडकलाय. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हणाले, "सर, पाय काढा. पेडलवरचा पाय काढा!"

मी खाली वाकले, चादरीखाली हात घातला आणि हौसाबाईंच्या मांडीपर्यंत नेला. प्लेट अर्धी सुटली होती. ऑपरेशनआधी पोटाची कातडी साफ करताना लावलेलं औषध ओघळून तिच्याखाली गेलं होतं. नुसता एक कोपरा कातडीला धरून होता. म्हणून सरांची कांडी कापत नव्हती, आणि सर ताकद वाढवत होते. हात तसाच खाली नेला, तर डाव्या घोट्याखालची गादी सरकलेली, आणि घोटा टेबलाच्या लोखंडी दांडीला टेकलेला.

घोटा उचलला, खाली गादी घातली, जागा पुसून नवी प्लेट लावली. बाळासो दारातच उभे होते. उंबऱ्याच्या आत त्यांचं एक पाऊलही नव्हतं. सरांनी पुन्हा पेडल दाबलं.

"आकडा खाली घे," सर म्हणाले. "हं. आता कापतेय."

दार हळूच बंद झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. खडे मी बाटलीत घालून ठेवले. पण चादर काढल्यावर घोट्यावर चवळीच्या दाण्याएवढा लालपांढरा फोड दिसला. सरांनी तो बघितला, मीही बघितला. "मलम लाव," इतकंच सर म्हणाले आणि पुढच्या ऑपरेशनला गेले. आणखी थोडा वेळ तसंच चाललं असतं, तर ते चवळीएवढं राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले, तर हौसाबाई उठून बसल्या होत्या आणि घोटा चाचपत होत्या.

"शिस्टर, हे काय झालं गं?"

वीस वर्षांची नोकरी. मला उत्तर माहीत होतं. माझ्या तोंडातून निघालं, "काही नाही मावशी... ते... होतं कधी कधी."

"चुलीपाशी भाजलं म्हणावं, तर चार दिस झालं चुलीचं त्वांड बघितलं न्हाई." त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "का भाजलं हुतं, आन् मीच इसरले?"

"न्हाई आक्का."

दारात बाळासो. वॉर्ड त्यांना बंद होता, तरी ते आत आले आणि खाटेशी सावधान उभे राहिले.

"तुमी कुटं भाजून घेतलं न्हाई. आमच्या टेबलावर भाजलंय. इजेनं. मशीन आमचं, चूक बी आमची. कुणी चुलीवर भाजलं म्हणलं, तर ऐकून घेऊ नगा. तुमी खोटं बोलत न्हाई."

हौसाबाईंनी भुवया वर केल्या. "मी कवा खोटं बोलले?"

"न्हाई बोलला."

"मग?"

बाळासोंनी खाटेच्या दांडीला उलटा हात टेकवला. नजर घोट्यावरून हलेना. मी हा माणूस करंटचा झटका बसल्यावरही हसताना बघितलाय. हौसाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस बाबा. मी मगाधरनं इचार करतीया, आपलं डोकं फिरलं का काय. एवढ्याशा डागानं मी मरत न्हाई. पर ठावं नसलं, की जिवाला चैन पडत न्हाई बग."

बाळासो वळले, बाहेर गेले, मीटर रूमच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि गेटातून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. फोन बंद.

हॉस्पिटलात अर्थातच खळबळ. इलेक्ट्रिशियनने पेशंटला जाऊन चूक कबूल केली! मॅनेजर म्हणाले, आता पेपरात येणार. मला वाटलं, हौसाबाईंचा फौजी मुलगा येऊन आम्हाला ओळीने उभं करणार. तसं काही झालं नाही. मोठे सर स्वतः वॉर्डात गेले, खुर्ची ओढून हौसाबाईंजवळ बसले. काय बोलले माहीत नाही. बाहेर आले तेव्हा कान लाल होते. मॅनेजरना म्हणाले, "घंटावालं मशीन मागवा. आणि त्या माणसाला बोलवा."

रविवारी मी स्कूटी काढून कुपवाडला गेले. घर शोधायला त्रास झाला नाही. गल्लीत एकाच घराच्या गेटाला रबराची नळी गुंडाळलेली होती.

बाळासो दळण आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी, मालनवहिनी, ओसरीवर बाजरी पाखडत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, डोळ्यांत खट्याळपणा. "तुमीच व्हय शिस्टर? आमचं हे रोज तुमचंच सांगत्यात. बसा. च्या टाकते."

"वहिनी, आण्णा का येत नाहीत?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग उजव्या पायावरचं लुगडं वीतभर वर केलं. पोटरीच्या मागे एक डाग होता. रुपयाएवढा, गुळगुळीत, चकाकणारा.

माझ्या डोक्यात सगळं एकदम सरळ झालं.

"पिशवीचं आपरेशन झालं हुतं माजं," त्या म्हणाल्या. "लय वर्सं झाली. हे तवा तिकडं बार्डरवर. सुद्दीवर आले तर पोटरीला फोड. डाक्टरला इचारलं, त्यो म्हणला, घरी भाजलं आसंल. नर्सबाय म्हणली, घरीच. म्हैन्यानं हे सुट्टीवर आलं. मी म्हणलं, आवं, टेबलावर भाजलं. हे हासलं. चार पाव्हण्यांम्होरं म्हणलं, टेबल म्हंजी काय तवा हाय व्हय? आन् मी सिग्नलचा माणूस, मला करंट शिकवतीस?" त्या हे सांगतानाही हसत होत्या. "मग सगळीच हासली. पुना कवा मी तो इषय काढला न्हाई. मलाच वाटाया लागलं, भाजलं आसंल घरीच."

"मग?"

"मग हे तुमच्यात कामाला लागलं. पयल्याच आठवड्यात कंपनीचा माणूस आला हुता म्हणं, मशीन दावायला. पलेट सुटली तर काय हुतं, ते त्यानं सांगितलं. हे भर दुपारी घरी आलं. ड्यूटीच्या कापडांत. चपला बी काढल्या न्हाईत. म्हणलं, पाय दाव."

"काय म्हणाले?"

"कायच न्हाई. बगत बसलं नुसतं. मग भाईर जाऊन मलम आणलं." त्यांनी लुगडं खाली सारलं. "परवा आलं तवा म्हणलं, त्या बाईला मी सांगितलं, मालन. नोकरी गेली आसंल, पर सांगितलं. आन् भिताडाकडं त्वांड करून झोपलं."

मी विचारलं, "अजून दुखतं का हो हे?"

वहिनींनी गेटाकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आवं, इतक्या वर्सांचा डाग. त्यो कुटं दुखतोय! पर हे रोज सांच्याला इचारत्यात, दुखतंय का? मी म्हन्ते, वाईच दुखतंय. मग बसत्यात चोळत. तेवढंच त्यांला बरं वाटतंय."

गेट वाजलं. बाळासो खांद्यावर पिठाचा डबा घेऊन आत आले. मला बघून थबकले. मी उभी राहिले. "आण्णा, थिएटर उघडलंय तुम्हाला. वॉर्डही. सरांनी बोलावलंय."

त्यांनी डबा सावकाश खाली ठेवला. "मशीन?"

"नवीन येतंय."

"घंटा हाय?"

"आहे."

"तरी बी टाचा बघाय पायजेत," ते म्हणाले. "घंटा बी कवातरी बंद पडती." मग पीठ लागलेले हात त्यांनी नळावर धुतले, आत जाऊन मलमाची ट्यूब आणली आणि ओसरीच्या पायरीवर वहिनींच्या पायाशी उकिडवे बसले. "शिस्टर, दोन मिंटं हां," असं मला म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता वहिनींना विचारलं, "आज?"

मालनवहिनींनी माझ्याकडे एक नजर टाकली. मग पाय पुढे केला.

"आज जरा जास्तीच हाय," त्या म्हणाल्या.